माइकचा चेहरा कुणाचा? जोनाथन बँक्स यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका पाहून संपवलेला माणूस पहिले काही दिवस नायक वॉल्टर व्हाइटबद्दल बोलतो, मग त्याचा जोडीदार जेसीबद्दल हळहळतो, आणि मग कधीतरी गाडी माइकवर येते. तो टकला, थकलेल्या डोळ्यांचा, तोंडातल्या तोंडात बोलणारा म्हातारा. "हा माणूस आधी कुठेतरी पाहिलाय," हे वाक्य ठरलेलं. पाहिलेलाच असतो, फक्त नाव माहीत नसतं. त्या नावाबद्दल जे जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. सूचना एकच: 'ब्रेकिंग बॅड' आणि 'बेटर कॉल सॉल' पाहायच्या राहिल्या असतील तर पुढे बरंच कथानक फुटणार आहे.

जोनाथन बँक्स म्हणजे नेमके कोण?

अमेरिकन चरित्र अभिनेते. जन्म ३१ जानेवारी १९४७, वॉशिंग्टन डी.सी. 'ब्रेकिंग बॅड' (२००८–२०१३) आणि 'बेटर कॉल सॉल' (२०१५–२०२२) या दोन्ही मालिकांत माइक अर्मनट्राउट त्यांनीच रंगवला. अमेरिकेतल्या जरा आधीच्या पिढीला ते 'वाइजगाय' या मालिकेतले फ्रँक मॅकपाइक म्हणून आठवतात. या दोन भूमिकांच्या आधी, मध्ये आणि नंतर पोलिस, गुंड, शेरीफचे हाताखालचे लोक, लष्करी अधिकारी, खडूस बाप अशा किती भूमिका केल्या त्याचा हिशेब त्यांच्या चाहत्यांनाही लागत नाही. अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारासाठी सहा वेळा नामांकन झालं, पुरस्कार एकदाही मिळाला नाही. त्याबद्दल पुढे बोलूच, कारण तो माझाही दुखरा विषय आहे.

त्यांचं बालपण कुठे गेलं?

वॉशिंग्टनला खेटून असलेल्या मेरीलँड राज्यातल्या चिलम हाइट्स या वस्तीत. आईने एकटीने वाढवलं. आईने नौदलात आणि सीआयएमध्ये नोकरी केली, पुढे ती इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाली. सीआयएत काम केलेल्या बाईचा मुलगा पुढे पडद्यावर आयुष्यभर गुपितं सांभाळणारी माणसं करत राहिला, हा निव्वळ योगायोग, पण सांगायला मजा येते.

शाळा सिल्व्हर स्प्रिंगच्या नॉर्थवुड हायस्कूलमध्ये, कॉलेज इंडियाना युनिव्हर्सिटीच्या ब्लूमिंग्टन आवारात. तिथे केव्हिन क्लाइन बरोबरीला होते. तेच, पुढे ऑस्कर मिळवणारे. दोघांनी 'थ्रीपेनी ऑपेरा'च्या प्रयोगात एकत्र काम केलं.

मग अभिनयात थेट उडी घेतली?

थेट नाही. कॉलेज अर्धवट सोडलं आणि 'हेअर' या गाजलेल्या संगीत नाटकाच्या दौऱ्यावरच्या कंपनीत ते स्टेज मॅनेजर म्हणून लागले. म्हणजे सुरुवात पडद्यामागून: कोण कुठून आत येणार, दिवे कधी लागणार, सामान कुठे ठेवायचं. १९७४च्या सुमारास लॉस एंजेलिसला आले आणि टीव्ही-सिनेमात छोटी कामं मिळू लागली. विंगेत उभं राहून दुसऱ्यांचं काम रात्रीमागून रात्री बघितलेला नट आणि थेट कॅमेऱ्यासमोर आलेला नट यांच्यात फरक राहतो, असं मला वाटतं. बँक्स चौकटीत कडेला उभे असतात तेव्हाही पुढचा नट काय करतोय याकडे त्यांचं पूर्ण लक्ष असतं.

त्यांच्या सुरुवातीच्या भूमिका कोणत्या? मी त्यांना कुठे पाहिलं असेन?

बहुतेक इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांनी त्यांना यापैकी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं:

'एअरप्लेन!' (१९८०). विमान अपघातांच्या सिनेमांची टर उडवणारा हा सिनेमा. त्यात नियंत्रण कक्षात गंडरसन नावाचा कर्मचारी आहे, तो बँक्स. वरिष्ठ घाईघाईने ओरडतात की रडारची रेंज बघ, काय दिसतंय? गंडरसन यंत्रासारखं दिसणारं एक दार उघडतो, आत पक्षी भाजत असतो, आणि तो गंभीरपणे सांगतो, अजून दोनेक मिनिटं लागतील. 'रडाररेंज' हे तेव्हा अमेरिकेत मिळणाऱ्या एका मायक्रोवेव्ह ओव्हनचं नाव होतं, त्यावर हा विनोद बेतलेला. काही सेकंदांचा मामला. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नाही, म्हणूनच हसू येतं. तीस वर्षांनी माइकने जे केलं त्याचं बीज मला इथेच दिसतं.

'४८ अवर्स' (१९८२) मध्ये ते पोलिस आहेत आणि लवकरच मरतात. 'ग्रेमलिन्स' (१९८४) मध्ये शेरीफचे सहायक. त्याच वर्षीच्या 'बेव्हर्ली हिल्स कॉप'मध्ये झॅक नावाचा मारेकरी. एडी मर्फीच्या मित्राला सुरुवातीलाच गोळी घालणारा तोच, आणि पुढे क्लबमध्ये मर्फी ज्याला उचलून जेवणाच्या टेबलावर आदळतो तोही तोच. त्याआधी 'कमिंग होम' (१९७८) आणि 'द रोझ' (१९७९) मध्येही अगदी छोटी कामं आहेत. डोळ्यांत तेल घालून बघितलं तर सापडतात.

टीव्हीवर तर रांगच आहे. 'बार्नबी जोन्स', 'लू ग्रँट', 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'. त्या काळच्या बहुतेक गाजलेल्या मालिकांत एखाद्या आठवड्यापुरता त्यांचा चेहरा येऊन गेलेला आहे.

असल्या एकेका भागाच्या कामावर अमेरिकेत घर चालतं का?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि तो बरोबरच आहे. अमेरिकन टीव्हीत नटांची एक उतरंड असते. सर्वांत वर मालिकेचे नियमित कलाकार, ज्यांची नावं शीर्षकगीतात येतात आणि ज्यांच्याशी वर्षांचा करार असतो. त्याखाली पुन्हा पुन्हा येणारे, मग एका भागाचे पाहुणे कलाकार, आणि सर्वांत खाली एक-दोन दिवसांच्या शूटिंगपुरते दोन ओळी बोलायला बोलावलेले. चरित्र अभिनेत्याची उमेदवारी या खालच्या दोन पायऱ्यांवर जाते. दर भूमिकेसाठी नव्याने ऑडिशन, आणि पुढच्या महिन्यात काम असेल याची खात्री कुणीच देत नाही.

या लोकांना तगवून धरते ती संघटना. कार्यक्रम पुन्हा दाखवला की नटाला ठरलेल्या दराने पुन्हा थोडे पैसे मिळतात, त्याला रेसिड्युअल म्हणतात. १९६० साली सिनेनटांच्या संघटनेने संप केला होता. तेव्हा तिचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, हो, तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्या संपातून टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांसाठी असे पैसे आणि निवृत्तिवेतन-आरोग्य योजनेचा पाया मिळाला. २०१२ मध्ये सिनेमाची आणि टीव्ही-रेडिओची अशा दोन संघटना एक झाल्या.

२०२३ मध्ये १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत ११८ दिवस नटांचा संप चालला, तेव्हा एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होता: २६,४७० डॉलर. तेव्हा वर्षाला एवढी कमाई झाली तरच संघटनेचा आरोग्य विमा लागू व्हायचा, आणि सभासदांपैकी बहुसंख्यांची तेवढीही होत नव्हती. हॉलिवूड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंगले येतात. या धंद्यात बहुतेकांची ओढाताण विम्याच्या त्या रेषेवर पोहोचण्यासाठी असते. स्ट्रीमिंगमुळे रेसिड्युअल आटले हे संपाचं एक मोठं कारण होतं. जुन्या पद्धतीत एखाद्या मालिकेचे भाग वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वाहिन्यांवर फिरत राहायचे आणि दर फेरीला नटाच्या घरी धनादेश यायचा. बँक्स यांच्या पिढीने काम नसलेले महिने असेच काढले.

'वाइजगाय' काय होतं? आज पाहण्यासारखं आहे का?

आहे, आणि बँक्स समजून घ्यायचे तर ते चुकवू नये.

१९८७ ते १९९० या काळात सीबीएसवर ही मालिका आली. निर्माते स्टीव्हन जे. कॅनेल आणि फ्रँक लूपो. विनी टेरानोव्हा (केन वॉल) हा सरकारी गुप्त अधिकारी गुन्हेगारांच्या टोळीत त्यांच्यातलाच एक होऊन राहतो, आणि फ्रँक मॅकपाइक हा त्याचा वरिष्ठ. विनी टोळीत मौज करताना दिसतो, चांगले कपडे घालतो, गाड्या फिरवतो. मॅकपाइकच्या वाट्याला कागदपत्रं, वरच्यांच्या शिव्या आणि मोडत चाललेला संसार. त्याचं बोलणं कुत्सित, पण विनीचा जीव धोक्यात आला की हाच माणूस आतून हादरतो.

त्या काळी बहुतेक अमेरिकन मालिकांचा प्रत्येक भाग स्वतंत्र असायचा, पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. 'वाइजगाय'ने एकेक कथा अनेक भागांत पसरवली, दर टप्प्याला नवा खलनायक आणला. केव्हिन स्पेसी नाव व्हायच्या आधी इथे होते, जेरी लुइससारखा विनोदवीर इथे गंभीर भूमिकेत आला. आज सलग कथेच्या मालिकांचं जे कौतुक होतं त्यांच्या आधीच्या पिढीत हिचं नाव घ्यावंच लागतं. १९८९ साली बँक्स यांना एमीचं पहिलं नामांकन मिळालं ते मॅकपाइकसाठी.

जाता जाता: चौथ्या पर्वात केन वॉल गेले आणि नायक म्हणून आले स्टीव्हन बाउअर. हेच बाउअर पुढे 'ब्रेकिंग बॅड'मध्ये पोहण्याच्या तलावाकाठी बसणारा डॉन एलाडियो झाले.

१९९० ते २००९ या काळात ते होते कुठे?

कामावर. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'चा एक भाग (१९९३), 'अंडर सीज २' (१९९५), डॉल्फिनच्या 'फ्लिपर' सिनेमात खलनायक (१९९६), 'फायर्ड अप' ही अल्पजीवी विनोदी मालिका (१९९७–९८), 'डार्क ब्लू' (२००२). शिवाय टीव्हीवर पाहुण्या भूमिका सुरूच होत्या.

"एवढी वर्षं हलाखीत काढली आणि मग नशीब उघडलं" अशी त्यांची गोष्ट रंगवून सांगितली जाते. मला ती पटत नाही. कामाला बोलावलं जाणारा, वेळेवर येणारा, ओळी पाठ असलेला नट म्हणून त्यांची पत होती. प्रसिद्धी नव्हती एवढंच.

माइकची भूमिका त्यांना कशी मिळाली?

दुसऱ्या नटाच्या तारखा जुळल्या नाहीत म्हणून. ही गोष्ट खरी आहे.

'ब्रेकिंग बॅड'च्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग २००९च्या मे महिन्यात प्रसारित झाला. जेसीची मैत्रीण जेन मरून पडली आहे, जेसी बधिर झाला आहे, पोलिस यायच्या आत घर साफ करायला कुणीतरी हवं. हे काम मुळात वकील सॉल गुडमन करणार होता. पण सॉल करणारे बॉब ओडनकर्क त्याच वेळी 'हाऊ आय मेट युअर मदर'च्या शूटिंगला बांधील होते. मग लेखकांनी सॉलचा एक माणूस निर्माण केला आणि त्यासाठी बँक्स यांना बोलावलं. वय ६२.

तो प्रसंग पुन्हा पाहा. दार उघडतं, माइक आत येतो. सांत्वन नाही, चौकशी नाही. नशेचं सामान गोळा करतो. जेसीला लांब बाह्यांचा शर्ट घालायला सांगतो, कारण दंडावर सुईच्या खुणा आहेत. फोन केल्यावर कोण येईल, काय विचारेल, हे सांगतो. मग उत्तर घोकून घेतो: मी उठलो, ती अशी दिसली, मला एवढंच माहीत आहे. जेसी अडखळतो तेव्हा एक थोबाडीत देतो आणि पुन्हा म्हणायला लावतो. काही मिनिटांत आपल्याला कळतं की हा माणूस पूर्वी पोलिस होता, अशा खोल्यांत त्याने पुष्कळदा पाय ठेवला आहे, आणि त्याला याचं काही वाटेनासं झालं आहे. संवादात यातलं काहीच सांगितलेलं नाही.

एका दिवसाच्या कामासाठी बोलावलेल्या नटाला असंच करावं लागतं. पात्राला पूर्वपीठिका लिहून मिळत नाही, ती अंगावर घेऊनच दारातून आत यावं लागतं. बँक्स यांनी पस्तीस वर्षं हेच केलं होतं. लेखकांना तो माणूस सोडवेना आणि त्या एका प्रसंगाचं काम तेरा वर्षं चाललं.

माइक लोकांना इतका का आवडतो? तो तर खुनी आहे.

खुनी आहेच. पण वॉल्टर स्वतःलाच फसवतो, सॉल जगाला फसवतो, आणि माइक दोन्ही करत नाही. केलेल्या कामाला सुंदर नाव देत नाही. शिवाय नातीला, केलीला, बागेत खेळायला नेतो. एवढं पुरतं आपल्याला.

पण खरं कारण मला वेगळं वाटतं. माइक काम करताना दिसतो. पडद्यावरची बहुतेक पात्रं फक्त बोलतात. 'बेटर कॉल सॉल'च्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग (२०१७) घ्या. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे हे माइकच्या लक्षात येतं. गाडीत माग काढणारं यंत्र लपवलेलं असणार. तो गाडी भंगारवाल्याकडे नेतो आणि तिचा एकेक भाग सुटा करायला घेतो. सीट, दारं, अस्तर, सगळं. दिवस मावळतो. काही सापडत नाही. थकून बसलेला असताना नजर एका साध्या वस्तूवर जाते, पेट्रोलच्या टाकीचं झाकण. ते उघडतो आणि आत यंत्र. हे सगळं जवळजवळ एक शब्द न बोलता. आणि पुढची गंमत म्हणजे तो ते यंत्र फेकून देत नाही, त्याच्याच मदतीने पाळत ठेवणाऱ्यांचा माग काढतो. सत्तरीतला नट, हातात पाना, चेहऱ्यावर जेमतेम हालचाल, आणि प्रेक्षक श्वास रोखून. असं काम लिहिणाऱ्याला समोर कोण उभं राहणार हे आधी माहीत असावं लागतं.

त्याच मालिकेच्या पहिल्या पर्वात तो कोर्टाच्या वाहनतळावर पावत्या तपासतो. जिमीकडे (पुढे सॉल गुडमन होणारा वकील तो हाच) एक स्टिकर कमी असतं आणि माइक फाटक उघडत नाही म्हणजे नाही. मला ते प्रसंग गोळीबाराइतकेच आवडतात.

अर्धवट उपायांवरचं ते भाषण कुठल्या भागात आहे?

'ब्रेकिंग बॅड', तिसरं पर्व, बारावा भाग (२०१०). पोलिसात असताना बायकोला मारहाण करणाऱ्या एका माणसाला धमकावून सोडून दिलं आणि पुढे त्याने तिचा जीव घेतला, ही हकिकत माइक वॉल्टरला सांगतो. तेव्हा अर्धवट उपाय केला, आता पुन्हा करणार नाही, हा त्याचा धडा. आवाज कुठेही चढत नाही. समोर वॉल्टर काय धडा घेतो हे त्याच भागाच्या शेवटी दिसतं, आणि तो माइकला हवा होता तो मात्र नाही.

त्यांचा सर्वोत्तम भाग कोणता?

वाद घाला हवा तर, पण माझं मत 'फाइव्ह-ओ'ला. 'बेटर कॉल सॉल'च्या पहिल्या पर्वाचा सहावा भाग, मार्च २०१५. फिलाडेल्फियात पोलिस असलेल्या माइकच्या मुलाला, मॅटला, त्याच्याच खात्यातल्या दोन लाचखोर सहकाऱ्यांनी मारलं. माइक त्या दोघांचा निकाल लावून अल्बुकर्कला आला आहे. शेवटी तो सुनेला सगळं सांगतो. मुलगा पैसे घ्यायला तयार नव्हता, आणि तू घे, सगळेच घेतात, मीही घेतले, असं सांगून त्याला तयार केलं ते बापानेच. त्याचा उपयोग झाला नाही, पोरगा गेलाच. म्हणजे बापाने आधी मुलाच्या नजरेतलं स्वतःचं स्थान घालवलं आणि मग मुलगाही गमावला.

इथे बँक्स पहिल्यांदा बांध फुटू देतात. आवाज कापतो, शब्द तुटतात. आधीची सगळी वर्षं त्यांनी काही दाखवलं नव्हतं म्हणून हे सहन होत नाही. रडण्याचं काम नटांना सोपं असतं असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पाहावा.

चौथ्या पर्वाचा शेवटही याच तोडीचा (ऑक्टोबर २०१८). वेर्नर झीगलर या जर्मन अभियंत्याला माइक मित्र मानायला लागलेला असतो, आणि आता त्यालाच मारायचं आहे. वेर्नरला ते कळतं. तो चांदणं बघायला पुढे चालत जातो. वेर्नर करणारे राइनर बॉक यांचंही कौतुक करायलाच हवं.

'बेटर कॉल सॉल' आधीच्या काळात घडते, मग माइक जास्त म्हातारा कसा दिसतो?

कारण बँक्स जास्त म्हातारे होते. कथा २००२ पासून सुरू होते, 'ब्रेकिंग बॅड'च्या सहा वर्षं आधी, आणि पहिलं पर्व आलं तेव्हा बँक्स ६८ वर्षांचे होते. शेवटच्या पर्वात ७५. निर्मात्यांनी यावर फार डोकं लावलं नाही, प्रेक्षकांनीही लावू नये.

पाचव्या पर्वात (२०२०) जिमी आणि माइक पैशांच्या पिशव्या घेऊन वाळवंटातून पायपीट करतात तो भाग 'ब्रेकिंग बॅड'चे जनक व्हिन्स गिलिगन यांनी दिग्दर्शित केला. त्या उन्हात, त्या वयात, चालण्याचं तेवढं काम करणं याला दाद द्यावी.

माइक मरतो कसा?

'ब्रेकिंग बॅड'च्या पाचव्या पर्वाचा सातवा भाग, २६ ऑगस्ट २०१२. तुरुंगातल्या नऊ जणांची नावं वॉल्टर मागतो, माइक देत नाही, उलट सगळा सत्यानाश तुझ्या अहंकाराने झाला असं तोंडावर सुनावतो. वॉल्टर गाडीच्या खिडकीतून गोळी झाडतो. माइक नदीकाठी दगडावर जाऊन बसतो. वॉल्टर पुढे येऊन सारवासारव करू लागतो, ही नावं दुसरीकडूनही मिळाली असती हे त्याच्या उशिरा लक्षात आलेलं असतं. माइक त्याला एक शिवी घालून गप्प बसवतो, मला शांतपणे मरू दे.

'ब्रेकिंग बॅड'ची कथा पुढे नेणाऱ्या 'एल कमिनो' (२०१९) या सिनेमाच्या सुरुवातीला बँक्स पुन्हा दिसतात, तेही नदीकाठीच. जुन्या काळातला प्रसंग आहे. मी तुझ्या वयाचा असतो तर अलास्काला गेलो असतो, असं जेसीला सांगतात.

एमी कधीच कसा मिळाला नाही?

१९८९, २०१३, २०१५, २०१६, २०१७, २०१९. सहा नामांकनं, सगळी नाट्यमय मालिकेतल्या सहायक भूमिकेसाठी. जिंकलं अनुक्रमे लॅरी ड्रेक, बॉबी कॅनव्हॅले, पीटर डिंकलेज, बेन मेंडेलसन, जॉन लिथगो आणि पुन्हा डिंकलेज यांनी. यातलं एकही नाव हलकं नाही.

२०१३ मध्ये तर 'ब्रेकिंग बॅड'चेच एरन पॉल समोर होते, २०१९ मध्ये 'बेटर कॉल सॉल'चेच जियानकार्लो एस्पोसिटो. घरातलीच मतं फुटण्याचा धोका. पण 'बेटर कॉल सॉल' या मालिकेलाच एकूण ५३ नामांकनं मिळून एकही एमी मिळाला नाही हे लक्षात घेतलं की बँक्स यांचं एकट्याचं दुःख जरा कमी वाटतं. मला मात्र २०१५ची निवड अजून पचलेली नाही. 'फाइव्ह-ओ' त्याच वर्षीचा.

ते विनोदी काम करतात का?

उत्तम करतात. २०१४ मध्ये 'कम्युनिटी'च्या पाचव्या पर्वात ते गुन्हेशास्त्राचे प्राध्यापक बझ हिकी होते: निवृत्त पोलिस, वर्गात कुणालाही न जुमानणारे, आणि गुपचूप बदकाचं व्यंगचित्र काढणारे. एका भागात मुलाशी तुटलेलं नातं जोडायला मित्रमंडळी त्यांना मुलासोबत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा काल्पनिक साहसांचा बैठा खेळ खेळायला बसवतात. मुलगा झाले आहेत डेव्हिड क्रॉस, म्हणजे ओडनकर्क यांचे विनोदी कार्यक्रमातले जुने जोडीदार. बापलेक एकमेकांना 'माफ कर' म्हणत नाहीत, खेळात हरवायला मात्र जिवाचं रान करतात. पुढे 'बेटर कॉल सॉल' सुरू झाल्याने ते 'कम्युनिटी'त परतले नाहीत.

'पार्क्स अँड रिक्रिएशन'मध्ये बेन वायटचे तापट वडीलही तेच.

माइकच्या अगदी उलट भूमिका पाहायची असेल तर?

'मडबाउंड' (२०१७), दिग्दर्शिका डी रीस. दुसऱ्या महायुद्धानंतरचं मिसिसिपी, चिखलातलं शेत, एक गोरं कुटुंब आणि एक काळं. बँक्स घरातला म्हातारा, पॅपी. तो उघड वंशद्वेष्टा आहे आणि त्याच्यात सहानुभूती वाटावी असा एकही कोपरा बँक्स यांनी ठेवलेला नाही. माइकवर माया करणाऱ्यांना हे बघवत नाही. सिनेमाला ऑस्करची चार नामांकनं होती.

'इन्क्रेडिबल्स २'मध्ये त्यांचा आवाज आहे?

हो, रिक डिकर या सरकारी अधिकाऱ्याला (२०१८). पहिल्या भागात तो आवाज बड लकी यांचा होता.

कुटुंब?

दोन लग्नं झाली, दुसरं १९९० साली. मुलं आहेत. बाकी त्यांचं त्यांच्यापाशी.

अलीकडे काय केलं?

२०२४ मध्ये ॲपल टीव्ही प्लसवर 'कॉन्स्टेलेशन' आली, नूमी रापास नायिका. अंतराळवीर परत येते आणि जग किंचित वेगळं झालेलं असतं, अशी कल्पना. बँक्स यांनी हेन्री आणि बड कॅल्डेरा अशा दोन भूमिका केल्या, दोन जगांतला एकच माणूस. एक यशस्वी शास्त्रज्ञ, दुसरा कडवट झालेला माजी अंतराळवीर. कपडे सारखे असते तरी खांद्यांवरून कोण कोणता ते ओळखता आलं असतं. मालिका एका पर्वानंतर बंद झाली.

सुरुवात कुठून करू?

'ब्रेकिंग बॅड' आधी, 'बेटर कॉल सॉल' नंतर, उलट नको. घटनाक्रम लावून पाहणारे खूप भेटतात, पण माइकचा भूतकाळ त्याच्या मरणानंतर कळण्यातच ताकद आहे. दोन्ही मालिका, 'एल कमिनो' आणि 'मडबाउंड' नेटफ्लिक्सवर आल्या आहेत. एवढं झाल्यावर 'एअरप्लेन!'मधला गंडरसन शोधा.

आणि सबटायटल लावूनच बघा. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी बँक्स अर्धी वाक्यं छातीतच ठेवतात.